नदीपलीकडच्या चार घंटा

दुलावन, ३ मार्च १९६६

चि. नोराइसा हिस कादिगिया आत्याचा सलाम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

नर्सिंगची शाळा कशी आहे? वेळेवर जेवतेस ना? इकडे एक भानगड झाली आहे. नदीपलीकडचा मोनिब रोज अस्रच्या नमाजानंतर ओसरीत टांगलेल्या चार घंटा वाजवतो. पोराने पोरीशी तोंडाने बोलायचं नाही, बोलण्याच्या चढउतारावर ठोके देत घंटांनी बोलायचं, आणि ते साऱ्या गावाने ऐकायचं, ही आपली रीत. तो विचारतो, खिडकीत का येत नाहीस, रागावलीस का? नाव मात्र घेत नाही. घंटांची तोंडं आपल्या खिडकीकडे, आणि तू गेल्यापासून घरात बाईमाणूस मी एकटी. पाणवठ्यावर मला नवरीबाई म्हणतात. परवापर्यंत हा पोरगा उघडानागडा नदीत डुंबायचा! ज्याने त्याला वाजवायला शिकवलं, तो त्याचा विधुर काका टिंगावही त्याला गप्प करत नाही.

केसांना तेल लावायला लागले आहे, ते डोकं तापतं म्हणून. पुढच्या शुक्रवारी गावातल्या लग्नात मी कुलिंतांगच्या छोट्या घंटा वाजवायला बसणार आहे. तिथेच उठून मांडवात टांगलेल्या चार घंटांवर ठणकावते की या घराचा नकार आहे. म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील.

तब्येतीला जप.
तुझी आत्या


कोताबातो, ७ मार्च

प्रिय आत्यास आदराने सलाम. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग तशीच लिहायला बसले. आत्या, पाया पडते, नकार वाजवू नकोस. तो मला विचारतोय गं. घाईत निघाले, त्याला निरोप देता आला नाही. मी खिडकीआड रुसून बसलेय असं त्याला वाटतंय. भर मांडवात आपल्या घराने नाही म्हटलं, तर त्याचे वडील पुन्हा आपली पायरी चढणार नाहीत. आणि मला दुसरा कुणी नको. लाज सोडून सांगते.

तेल लावलेले केस तुला शोभतात. आजवरचा लोभ आहेच, त्यातला थोडा मोनिबला दे.

तुझी नोराइसा


दुलावन, १६ मार्च

चि. नोराइसा हिस सलाम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी नवा मालोंग नेसून दारात उभी होते. थोडक्यात वाचलीस. कुलिंतांग आटोपून मी टांगलेल्या घंटांपाशी गेले, तशी माणसं सरकून जवळ आली. ढालतलवारीचा नाच करणारेही ढाली टेकवून ऐकत राहिले. मी वाजवलं, नोराइसा कोताबातोत शिकतेय, रागावलेली नाही, आता घंटा बडवणं पुरे, वडीलधाऱ्यांना पाठव. मोनिब कानापर्यंत लाल झाला. पाणवठ्याच्या बायका फार हिरमुसल्या. रविवारी त्याचे वडील विड्याचं तबक घेऊन आले. तुझं शिक्षण संपलं की लग्न, असं ठरलं.

खरं सांगू, नंतर मला सुनंसुनं वाटलं. संध्याकाळी कानाला सवय झाली होती. तेलाची बाटली मी फडताळात ठेवून दिली.

काल अस्रनंतर पुन्हा घंटा वाजल्या. ठरलेलं असताना हा पोरगा अजून काय मागतोय, म्हणून तणतणत खिडकीत गेले. हात मोनिबचा नव्हता. संथ होता, मध्येच अडखळत होता. टिंगाव होता. आणि त्याने पुतण्याची चूक केली नाही, नाव घेतलं. दोनदा घेतलं, म्हणजे गावाचा गैरसमज नको.

माझं नाव.

बाटलीत तेल थोडंच उरलंय. कोताबातोहून चांगलंसं पाठव. स्वतः यायची मात्र घाई करू नकोस, अभ्यास महत्त्वाचा.

आत्याला हसशील तेवढं हस, पण माया कमी करू नकोस.

तुझी आत्या