समोरचा माग

दि. ४ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

आई परवा माझ्याबरोबर सुखरूप पोहोचली. बसमध्ये इंजिनाशेजारच्या जागेवर तिला इतकी गाढ झोप लागली की कंडक्टरही हसला. बस थांबली तशी ती दचकून उठली. तेव्हापासून तिचा डोळा लागलेला नाही. नवी जागा आहे, होईल सवय.

निघताना स्टँडवर तू टोमणा मारलास, की दादाने आधी आमची वस्ती गप्प केली आणि आता आईला गप्प करायला नेतो आहे. ठकू, तुमच्या खोल्यांच्या भिंतीला भिंत लावून धडधडणारे ते शंभर माग गावाबाहेर हलावेत म्हणून मी तीन वर्षं सभा गाजवल्या, त्याची मला लाज वाटत नाही. बंगल्याच्या कुंपणाला लागून कधी माग बसलेला पाहिलास? गोंगाट नेहमी गरिबाच्याच उशाशी येतो. मी वाचनालय सांभाळतो, ज्या पुस्तकात पाहावं त्यात विचार करायला ऋषी अरण्यात जातात आणि राजे बागेत. मागावर उभ्या राहिलेल्या बाईला विचार करायला चार घटका शांतता द्यावी, असं एकाही पुस्तकात कुणाला सुचलेलं नाही. ती मी माझ्या आईला देतो आहे. तिच्यासाठी घड्याळाची टिकटिकसुद्धा बंद केली आहे.

एक गंमत सांगायची राहिली. ती दिवसभर समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ओठ हलवते, हातवारे करते. आवाज अजिबात नाही. मध्येच थांबते, मान डोलावते, पुन्हा सुरू. जुनी खोड दिसते.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, टोमण्यांसकट.

तुझा,
दादा


दि. ९ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं भाषण पोहोचलं. टाळ्या वाजवल्या असं समज. आता जरा माझं ऐक.

तू चौदाव्या वर्षी शिकायला बाहेर पडलास, म्हणून तुला हे ठाऊक नाही. मागांच्या खडखडाटात कानाचा उपयोग नसतो. आम्ही ओठांनी आणि हातांनी बोलतो. मीही आईकडूनच शिकले. तिच्या समोरच्या मागावर बावीस वर्षं एक बाई होती, आम्ही तिला समोरची मावशी म्हणायचो. दोघी एकमेकींकडे बघत पाळीच्या पाळी गप्पा मारायच्या, कुणाच्या सुनेला सोडलं नाही.

एका सकाळी आई तुटलेला धागा जोडायला खाली वाकली. वर पाहिलं तर मावशी मागावर आडवी पडलेली, गेलेली. तिने हाक मारली असणार, पण त्या आवाजात ती कुणाला ऐकू जाणार? ओठ वाचायला आईचे डोळे तेवढे होते, ते नेमके खाली होते. मावशी शेवटी काय म्हणाली ते आईला कळलंच नाही. त्यानंतरही आई नऊ वर्षं कामाला जात राहिली. जॉबरने, म्हणजे आमच्या मिस्त्रीने, जागा बदलून देतो म्हटलं, तर नको म्हणाली. काम सुटल्यावर ती मागांच्या भिंतीला पाठ टेकून झोपायची. तू म्हणायचास, बिचारी. दादा, ती तिथे निर्धास्त होती. माग चालू आहेत तोवर मावशीची हाक ऐकू येत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

तुझी सभा जिंकली, माग हलले. तिसऱ्या दिवशी आईने मला विचारलं, तुला कुणी हाक मारल्यासारखं वाटतं का. मी थट्टेवारी नेलं.

ओठ वाचणं तुला जमायचं नाही. हात कसे करते ते मात्र नीट बघून लिही.

लोभ असू दे, आणि थोडं लक्षही.

तुझी,
ठकू


दि. १३ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

मी असल्या गोष्टी मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी जे पाहिलं ते लिहितो.

ती डावा तळवा पालथा धरते. त्याच्यावर उजव्या हाताची दोन बोटं टेकवते आणि सावकाश पुढे नेत हाताच्या टोकावरून खाली सोडते. मग तीच दोन बोटं आपल्या छातीला लावते आणि समोरच्या खुर्चीकडे दाखवते. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. बारकाईने कळावं म्हणून मी आरशासमोर करून पाहिलं. आता मला जमतं.

आली तेव्हा बोटं मनगटापासून निघायची. आज ती बोटांच्या पेरांपासून निघतात. जेवणही तसंच उतरलं आहे. पहिल्या दिवशी दोन पोळ्या, आज अर्धी.

काल समोरून नीट दिसावं म्हणून मी त्या खुर्चीत जाऊन बसलो. आईने हाताने मला बाजूला हो म्हणून खुणावलं. मी हललो नाही, तेव्हा तोंडाने म्हणाली की सरक जरा, तिला माझे हात दिसत नाहीत. रागावून नाही, लहानपणी दिव्याच्या उजेडात आलो की म्हणायची तसं. मी उठलो. खुर्ची गार होती. मी अर्धा तास तिच्यात बसलो होतो, ठकू.

रेडिओ लावून पाहिला. आई हसली आणि बंद केला.

काय म्हणते ती?

तुझा,
दादा


दि. १७ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हातात पडलं तशी लिहायला बसले.

डावा तळवा म्हणजे बीम, ज्याच्यावर उभे धागे गुंडाळलेले असतात तो रूळ. दोन बोटं जिथे टेकतात तिथवर धागा विणून झाला, पुढचा उरला. पाळी सुटताना समोरची विचारते, येतेस का. तेव्हा आम्ही ही खूण करतो. हा बीम संपला की मी तुझ्याकडे येते.

पेरं म्हणजे जेमतेम हातभर धागा.

तिला घेऊन ये. इथल्या नव्या शेडमध्ये आण. रेडिओ, पंखा असल्या आवाजाने भागायचं नाही, त्यांच्या फटीतून ऐकू येतं. जॉबरला विचारलं आहे, माझ्या मागाशेजारी स्टूल ठेवू देतो म्हणाला. आजवर तुझ्याशी खूप वाद घातले, या वेळी घालू नकोस.

लोभ असेल तर निघ.

ठकू


दि. २३ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

काल संध्याकाळी परत पोहोचलो. शेडमध्ये पाऊल टाकताक्षणी आईचे खांदे खाली आले आणि स्टुलावर बसल्या बसल्या ती झोपली, हे मरेपर्यंत विसरणार नाही. जो गोंगाट मी तिचा वैरी समजून तीन वर्षं झोडपला, तो तिचा पहारेकरी होता. ज्या माणसाचा आवाज बंद करायचा, त्याला आधी विचारावं, एवढं साधं मला सुचलं नाही. आता व्यासपीठावर उभा राहून हेही कबूल करीन.

करीन सावकाश. इथे फार निवांत आहे. आल्यापासून पुस्तक उघडलेलं नाही, भूकही बेताचीच. आईच्या जागी बसून राहावंसं वाटतं. समोरची खुर्ची हलवलेली नाही.

तुझा,
दादा


दि. २६ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आई बरी आहे. दोन पोळ्या खाते, मागांच्या आवाजात झोपते, जागी असते तेव्हा माझ्या धाग्यांना नावं ठेवते. हात मांडीवर स्वस्थ असतात.

त्या दिवशी तू जायला निघालास आणि शेडच्या दारात उभा राहिलास. मला वाटलं, निरोपाचा हात करतो आहेस. मीही हात केला. पण तू माझ्याकडे बघत नव्हतास. बाहेरच्या रिकाम्या अंगणाकडे तोंड करून तू डावा तळवा पालथा धरलास, वर दोन बोटं ठेवलीस, खाली सोडलीस. मग छातीला लावलीस. तुझे ओठही हलत होते. तुला हे आठवत नसणार. तुझ्या पत्रात त्याचा शब्द नाही.

मी आईकडे पाहिलं. तिनेही पाहिलं होतं. ओठांनीच मला म्हणाली, मी आले नाही, म्हणून समोरचीने त्याला विचारलं.

बोटं मनगटापाशी होती की पुढे, ते मला दिसलं नाही. तू अर्धा पाठमोरा होतास.

आईच्या शेजारी दुसरं स्टूल मांडून ठेवलं आहे. या पत्राला उत्तर लिहू नकोस. त्या खुर्चीकडे न बघता ऊठ, मिळेल ती पहिली बस धर आणि इंजिनाशेजारी बस.

लोभ कागदावर नको, इथे आण.

तुझी वाट पाहणारी,
ठकू