चेपलेली आठवी पाकळी

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, खरं-खोटं पुढे वाचशीलच. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा रक्तदाब? नवा सोफा आला ना? (वहिनीने फोटो पाठवला होता. रंग छान आहे, डाग लगेच दिसेल एवढंच.) महिना झाला, तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून चौकशी लेखी करावी लागतेय. हे पत्र घेऊन ज्या उंच बाई तुझ्या दारात उभ्या आहेत त्यांना मी बजावलंय, की तुझं शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होईस्तोवर तिथून हलायचं नाही. त्यांना आपली भाषा येत नाही, त्यामुळे गोड बोलून वाटेला लावता येणार नाही. त्यांना बसायला सांग आणि चहा दे. नव्या सोफ्यावरच बसव.

आज मंगळवार, संपाचा सव्विसावा दिवस. कारखान्याच्या फाटकासमोर तंबू ठोकलाय आणि मी तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून लिहितेय. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, कारण माणूस लांब गेला की त्याला सोयीने विसरायला होतं. कंपनी नवं मशीन आणतेय आणि शहाऐंशी माणसं घरी पाठवतेय. यादीत पहिलं नाव भट्टीवाले काका. ज्यांनी तुला भट्टीच्या दारापाशी हात धरून किती आच आहे ते ओळखायला शिकवलं, तेच. एकतीस वर्षं झाली, निवृत्तीला दोन राहिलीत. त्यांच्याखाली आम्ही तपासणीच्या पट्ट्यावरच्या बाराजणी, सरसकट. आमच्या जागी कॅमेरा बसणार म्हणे. बसू दे की! पण कॅमेरा बघणार वरून, आणि बिस्किट करपतं खालून. बावीस वर्षं मी प्रत्येक बिस्किट उलटून बघत आले. (घरी हे म्हणतात की मी जेवतानाही भाकरी उलटून बघते. बघते. सवयच आहे ती. सध्या स्वयंपाक हे करतात, त्यामुळे उलटून बघावंच लागतं.)

तर संप. पहिल्या दिवशी सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली, की मागण्या मान्य होईपर्यंत कंपनीचं बिस्किट तोंडात घालायचं नाही. हे बोलायला सोपं आहे. वर्षानुवर्षं तुटक्या बिस्किटांबरोबर चहा प्यायलेली माणसं आम्ही. काका तर चौथ्या दिवसापासून नुसता चहा समोर घेऊन त्याच्याकडे बघत बसायला लागले. आमच्या युनियनचा सेक्रेटरी (तू गेल्यानंतर लागला तो. सगळे त्याला चष्मा म्हणतात, कारण भाषण करताना तो चष्मा काढतो आणि मग त्याला कागद दिसत नाही) म्हणाला की आपण जगभरच्या कामगारांना लिहू. आम्ही हसलो. पण त्याने खरंच लिहिलं, आणि काय सांगू दादा, उत्तरं आली! कुठल्या तरी देशातल्या मासे डबाबंद करणाऱ्या बायकांनी हाताने शिवलेला फलक पाठवला. त्याला वास इतका होता की आम्ही तो वाऱ्याची दिशा बघून बांधतो, पण रोज बांधतो. चॉकलेटवाल्यांनी पत्र पाठवलं. ते मोबाइलमधून भाषांतर करून वाचलं तर त्यात म्हटलं होतं, तुमच्या भट्ट्या थंड राहोत. काका जे भडकले! एकतीस वर्षं ज्या माणसाने भट्टी थंड पडू दिली नाही त्याला हे म्हणजे सरळसरळ शिव्याशापच. भट्ट्या थंड म्हणजे संप टिकून राहो, हे त्यांना समजवता समजवता चष्म्याच्या तोंडाला फेस आला. समजल्यावर मात्र काका उठून तंबूच्या मागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा डोळे पुसलेले होते.

मग रविवारी या उंच बाई आल्या. साऱ्या देशांतल्या खाद्यकामगारांची जी मोठी संघटना आहे ना, तिच्या. वीस मिनिटं बोलल्या. दुभाषा म्हणाला, त्या म्हणतात, तुम्ही एकटे नाही. (वीस मिनिटांचं एवढंच? असं मी विचारलं. तो म्हणाला, मुद्दा एवढाच होता.) नंतर त्यांनी सगळ्यांना एकेक करून मिठ्या मारल्या, आणि त्याच ओघात गाडीतून उतरणाऱ्या साहेबांनाही मारली, आणि त्यांच्या कोटाला आमचा बिल्ला लावून टाकला. साहेब लालबुंद. त्या दिवसापासून ते मागच्या दाराने येतात. सव्वीस दिवसांत आमची तेवढीच काय ती जीत.

कारण बाकी काही ठीक नाही रे. कंपनीने फाटकावर कागद डकवलाय, की मालाचा पुरवठा सुरळीत आहे आणि शुक्रवारपर्यंत जे कामावर येतील त्यांचा शक्यतो विचार होईल. शक्यतो! शुक्रवारी अकरा वाजता आमचं मतदान आहे, संप चालू ठेवायचा की आत जायचं. सगळ्यांच्या मनात एकच किडा वळवळतोय. आपण सव्वीस दिवस बाहेर, भट्ट्या बंद, मग दुकानांत बिस्किटं येतात कुठून? साहेब म्हणतात, जुना साठा. पण जुना साठा मी स्वतः तपासलाय, तो आठवडाभराचाही नव्हता. लोक म्हणायला लागलेत, त्यांचं आपल्यावाचून अडतच नाही तर बसायचं कशाला. परवा दोघं आत गेले. मी त्यांना काही बोलले नाही. त्यांच्या घरी काय चाललंय ते मला माहीत आहे.

आता मुद्द्यावर येते. उंच बाईंनी येताना तिकडच्या तुझ्या कारखान्यातून, म्हणजे आपल्याच कंपनीच्या, दोन वस्तू आणल्या. एक फलक, त्यावर तुमच्या सगळ्यांच्या सह्या. तुझी सही मी दहा हातांवरून ओळखली, शेवटच्या अक्षराची शेपटी पार दुसऱ्याच्या सहीत घुसवायची तुझी खोड गेली नाही. मी ओरडलेच, हा माझा दादा! तंबूत सगळ्यांना बोटाने दाखवत फिरले. फलक बरोब्बर मधोमध बांधला. आणि दुसरी वस्तू म्हणजे बिस्किटांचं खोकं. झाली पंचाईत. बिस्किटं कंपनीची, पण पाठवणारे आपले. शपथ मोडते की नाही? चष्मा म्हणाला की कंपनी ती कंपनीच. कुणी म्हणालं, सहकाऱ्यांच्या हातचं आहे, प्रेमाने आलंय. तासभर चर्चा झाली, ठराव मांडला गेला, त्याला दुरुस्ती आली, आणि दुरुस्तीवर मत घेईपर्यंत काकांनी पुडा फोडून पहिलं बिस्किट चहात बुडवलं होतं. मग कसला ठराव! मिनिटात खोकं अर्ध्यावर आलं. हे घरी उपाशी असतील म्हणून मी एक पुडा पिशवीत टाकला, आणि एक बिस्किट हातात घेतलं. सवयीने आधी उलटून बघितलं. खाली छान भाजलेलं. मग सुलटं केलं, आणि हातातला चहा खाली ठेवला.

तुला आठवतं ना? कंपनीच्या सगळ्या कारखान्यांत बिस्किटावर एकच फूल, आठ पाकळ्यांचं. आपल्या पितळी रोलरवर अशी चोवीस फुलं कोरलेली, आणि त्यातल्या एका फुलाची आठवी पाकळी चेपलेली. ती चेपली कुणी? तू. रोलर पुसता पुसता पॅकिंगमधल्या नव्या मुलीकडे बघत होतास, आणि हातातला पाना सुटून रोलरवर पडला. (ती मुलगी म्हणजे आपली वहिनी, तेव्हा तो पाना अगदीच फुकट गेला नाही.) साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. तू नव्यानेच कायम झाला होतास, पांढराफटक पडलास, तोंडातून शब्द फुटेना. मी पुढे होऊन म्हणाले, मशीनच जुनं आहे साहेब, आपोआप झालं. धडधडीत खोटं. त्यानंतर तू परदेशी गेलास, आणि दर चोवीस बिस्किटांमागे एक चेपलेली पाकळी माझ्यासमोरून जात राहिली. मी कितीदा लेखी दिलं. साहेब म्हणायचे, पाकळीने चवीत काय फरक पडतो, जाऊ द्या. आणि संपाच्या दहा दिवस आधी एकाएकी म्हणाले, तुमचा रोलर दुरुस्तीला पाठवतोय. दादा, मी त्यांचे आभार मानले रे! सगळ्यांसमोर हात जोडून मानले!

तर ती पाकळी तुमच्याकडून आलेल्या बिस्किटावर होती. पुड्यावर तारीख बघितली. संपातला दुसरा रविवार. पाळीच्या खुणेत सातचा आकडा. तुमच्याकडची सात नंबरची लाइन रोलर नसल्यामुळे बंद पडलीय, चालू झाली की मीच बघणार, हे तूच मला मोठ्या ऐटीत सांगितलं होतंस. आणि वहिनी म्हणाली होती की हल्ली हे दर रविवारी ओव्हरटाइमला जातात, म्हणून सोफा घेतला. आपला रोलर, आपला माल, आपली दुकानं, आणि मशीनवर माझा सख्खा भाऊ! तो रोलर खोक्यातून निघाला तेव्हा तू ओळखला नाहीस असं मला सांगू नकोस. तुझ्या हातची खूण आहे त्याच्यावर.

मी ते बिस्किट रुमालात गुंडाळलं आणि गप्प बसले. रविवार, सोमवार, आज मंगळवार. मूग गिळून बसलेय. चष्मा विचारतो, ताई, बरं नाही का? मी म्हणते, ऊन लागलं. काय सांगू त्याला? सांगितलं तर त्या फलकावरच्या तुझ्या सहीवर लोक थुंकतील, आणि मीच ती बोटाने दाखवलीय. न सांगितलं तर शुक्रवारी लोक हरून आत जातील, कारण त्यांना वाटतंय की त्यांच्यावाचून काही अडत नाही. काका माझ्या शेजारीच बसलेत. मघाशी म्हणाले, तुझ्या दादाला लिहितेस ना, माझा आशीर्वाद लिही, पोरगं आठवण ठेवून आहे. लिहिला. झालं समाधान? मला तुझा इतका राग आलाय की अक्षर वाकडं येतंय, आणि तू समोर असतास तर काय केलं असतं ते लिहीत नाही, कारण तू मोठा आहेस.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझी धाकटी बहीण

ता. क. — मागणं राहिलंच. मला तुझी माफी नको. तुमच्या युनियनच्या सभेत उभा राहा आणि सांग, की सात नंबरवर संपकऱ्यांचा माल निघतोय. तुमच्या सगळ्यांनी सह्या केल्यात ना, त्यांना माहीत तरी आहे का की रविवारी ते काय भाजतात? रविवारची पाळी बंद झाली की आठवड्यात इथली दुकानं रिकामी होतील. शुक्रवारी अकराच्या आत मला हे कळायला हवं.

ता. क. दुसरा — थांब. उंच बाईंची टॅक्सी येऊन उभी आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, वाजवू दे. पुरावा म्हणून ते बिस्किट पाकिटात घालायला गेले तर रुमालात त्याचा चुरा झालेला. म्हटलं दुसरं शोधू, चोवीसात एक मिळायचं, नशिबात असलं तर मिळेल. यांच्यासाठी ठेवलेला पुडा फोडला. पहिलंच बिस्किट, पाकळी चेपलेली. दुसरं, चेपलेली. बाराच्या बारा! धावत खोक्याकडे गेले, तीन पुडे उरले होते, तिन्ही फोडले. एकूण एक चेपलेली. दादा, रोलरमधून असं निघत नाही. हे कुणीतरी पट्ट्याशी उभं राहून, चोवीसातलं एक, चोवीसातलं एक असं वेचून भरलंय. अख्खं खोकं. किती रविवार लागले रे तुला? आणि आम्ही गाढवांनी अर्धं चहात बुडवून खाल्लं.

मी तिथेच डबा पालथा केला, वर चढले आणि रडत रडत सगळं सांगितलं. पाना, वहिनी, माझं खोटं, साहेबांचे मानलेले आभार, सगळं. कुणी तुझ्या सहीवर थुंकलं नाही. बिस्किटं हातोहात फिरली, प्रत्येकाने पाकळीवर बोट फिरवून बघितलं. काका म्हणाले, म्हणजे त्यांचं आपल्यावाचून अडलंय तर! आणि अशी आरोळी ठोकली की साहेब मागच्या दाराने निघायचे ते पुढच्या दाराने बघायला आले. वर जे काही तुला बोलले ते खोडत बसायला वेळ नाही. सोफ्याचं तेवढं खोडल्यासारखं समज.

ता. क. तिसरा — पण मागणं तेच आहे. खुणा करून भागायचं नाही. तुला भीती वाटते, मला कळतं, तुझीही नोकरी आहे. गुरुवारी संध्याकाळी फोन कर, मी तो तंबूत सगळ्यांना ऐकू जाईल असा लावून धरणार आहे, तेव्हा वहिनीला सांग की आधी रक्तदाबाचं बोलू नकोस. पाना पडला तेव्हा तू गप्प बसलास आणि तुझ्या वतीने मी बोलले. या वेळी मी गप्प बसते. तू बोल.