विडा घेतल्यानंतर

५ फेब्रु. ७५, बुध.

संध्याकाळी मठात बैठक. वडील गेल्यापासून पाच पंचांत त्यांची जागा माझी. मान आहे म्हणतात. मला तिथं मांडी घातली की पाय झोपतो, एवढंच.

विषय रेवणच्या घरचा. रेवण शाळेपासूनचा दोस्त, म्हणून जास्तच अवघड. त्याच्या धाकट्या भावाला, चनबसला, लग्नाला चार वर्षं होऊन मूल नाही. त्यात बायको महादेवी हळदीकुंकवाला चारचौघींत बोलून गेली की डॉक्टरकडं जायचं तर दोघांनी जाऊ. चनबसनं हे मान खाली घालून सांगितलं आणि बैठक हसली. "आता गड्याला दवाखान्यात न्हेणार व्हय," असं कुणीतरी म्हणालं, पुन्हा हसले. मीही हसलो. इतकं हसण्यासारखं त्यात काय होतं, आता बसून विचार करतोय तर सापडत नाही.

पंचांतले थोरले आप्पा म्हणाले, पोरगी कुंभारीला माहेरी गेलीच आहे, तिथंच राहू दे. चनबसचं दुसरं बघा. कायद्यात बसत नाही असं पंचांतलेच मास्तर पुटपुटले. आप्पा म्हणाले, कायदा कोर्टात, हितं आपण हाव.

मग विड्यांचं ताट. काहीतरी बोलावं असं फार वाटत होतं. सुरुवात कशी करावी ते मनात जुळवत होतो. जुळवता जुळवता हात गेला आणि विडा उचलला. तोंडात घातल्यावर ध्यानात आलं, की आपल्यात विडा उचलला म्हणजे मान्य. थुंकायला तरी कुठं जाणार. चुना जास्त होता.

पाचांचा एकमुखी निकाल.

६ फेब्रु.

बायका मठाच्या अंगणात बसतात. त्यांना आतलं ऐकू येत नाही, दिसतं सगळं.

सौ.: "तुमी घेतला."

मी: "सगळ्यांनीच घेतला."

सौ.: "सगळ्यांचं मी इचारलंच न्हाय."

जेवायला वाढलं, भाजी पुन्हा विचारली, सगळं नेहमीसारखं. पण तिच्या मनात काय चाललंय ते मला पक्कं ठाऊक आहे. आमची मुलगीही उशिरा झाली. मिरजेला दोघांना तपासलं होतं. दोष माझ्यात निघाला, ऑपरेशन माझं झालं. घरी सांगितलं हर्नियाचं. मूल झालं तेव्हा गल्लीनं सौ.च्या सोळा सोमवारांना श्रेय दिलं. आधीची बोलणीही तिनंच खाल्ली होती. आईला अजून माहीत नाही.

म्हणून हसलो का काल? लवकर हसलं की आपल्याकडं कुणी बघत नाही, असं काही? माहीत नाही. असेलही.

८ फेब्रु., शनि.

माझ्या भांड्यांच्या दुकानात रेवण आणि त्याची आई. लग्नाची भांडी बघायची म्हणे. अक्कलकोटकडची मुलगी जवळपास ठरल्यातच जमा. बरोबर एक पोतं, मोडीत घालायला. जुनं पितळ द्यायचं, नवं न्यायचं, आमचा रोजचाच धंदा. पोतं ओतलं तर घागर, परात, तांबे. सगळ्यांवर "सौ. महादेवी" असं ठोकलेलं. ठोकणारा मीच. तिच्या वडिलांनी माझ्याच दुकानातून घेतली होती.

म्हटलं, "ही तिच्या माहेरची आहेत रे."

रेवण: "आता कसलं तिचं? इडा घेतलास की तू."

त्याची आई पदर डोळ्याला लावून "एन माडोदु, एन माडोदु" करत होती. काय करायचं, काय करायचं. आणि तेवढ्यात नव्या परातीला खालून टिचकी मारून बघत होती.

भाव उद्या सांगतो म्हणून पोतं आत ठेवून घेतलं. रेवण वाईट माणूस नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारात माझ्याआधी तो उशाशी असायचा. त्याच्याशी या विषयावर भांडायचं कुठल्या तोंडानं. आणि विडा खाल्लेल्या तोंडानं तर नाहीच.

९ फेब्रु., रवि.

मास्तरांकडं गेलो. पंचांत शिकलेला माणूस तेवढाच. विचारलं, तुम्हाला पटलं का?

मास्तर: "पटायचा प्रश्नच नव्हता. तुम्ही गप्प, म्हणून मी गप्प. म्हटलं दोस्ताच्या घरचं आहे, आतलं तुम्हाला माहीत असेल."

मी म्हटलं, मी तुमच्याकडं बघून गप्प होतो. तुम्ही कायद्याचं काढलं आणि सोडून दिलं, म्हणजे त्यात दम नसेल असं मला वाटलं.

चहा आला. पुन्हा बैठकीत बोलाल का विचारलं, तर त्यांना एकदम परीक्षेचे पेपर आठवले.

११ फेब्रु., मंगळ.

आज गाढवपणा केला. वाटलं, निदान तिच्या वस्तू तिला मिळाव्यात. पोतं एस.टी.त घालून कुंभारीला गेलो. आपण काहीतरी करतोय याचं बरंही वाटत होतं जाताना.

महादेवीच्या वडिलांनी पोत्याचं तोंड उघडलं आणि खालीच बसले. "म्हंजी तोडायलाच आलाव की."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. सासरी दिलेली भांडी माहेरी परत आली म्हणजे संबंध संपला. जन्म भांड्यांत गेला आणि हे मला सुचलं नाही. रेवणच्या घरच्यांनी जे अजून केलं नव्हतं, ते त्यांच्या वतीनं मी करून आलो.

महादेवी बाहेर आली. वाळलीय. मी गडबडीनं म्हटलं, तसं नाही, मला तो निकाल पटलेलाच नाही.

ती म्हणाली, "अण्णा, हे मला सांगून काय हुतंय? मला तरी कुटं पटलाय? तितं सांगा की." आणि मग, "भांडी माघारी न्या. माझ्या घरातली हायती ती."

माझ्या घरातली म्हणाली. तिचं घर म्हणजे अजून तेच. तिला सुटका हवी असेल असं मी धरून चाललो होतो, तिला तर तिथं परत जायचंय. चनबसकडं. मग मी नेमकं कशासाठी बोलायचं? पण तिला काय हवं ते तिनं सांगितलंय, मला आवडो न आवडो.

पोतं घेऊन परत. कंडक्टरनं दोन्ही वेळेला लगेज लावलं.

१३ फेब्रु., गुरु.

रेवणला सांगितलं, ही मोड घेणार नाही आणि या लग्नाला माझ्या दुकानातून चमचाही मिळणार नाही. तो आधी हसला. मग: "दुकानं काय कमी हायत? पर तुला झालंय काय?"

मिरजेचं ओठावर आलं होतं. गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक गेलं तरी बोललो नाही.

घरी सौ.ला विचारलं, मिरजेचं बैठकीत सांगू का? तुझ्या उपासांचं नाव जाईल.

सौ.: "मला कशाला इचारताय? मी कवा लपवा म्हटलं होतं?"

खरंच, कुणी ठरवलं होतं लपवायचं? आठवून आठवून थकलो. ठरवलंच नव्हतं बहुतेक. नुसतं कुणी बोललं नाही, आणि मग तेच ठरल्यासारखं झालं. तिनं इतकी वर्षं ऐकून घेतलं ते माझ्यासाठी, की बोलून उपयोग नाही म्हणून? हे विचारायचं धाडस झालं नाही.

१६ फेब्रु., रवि.

बैठक. अक्कलकोटहून मुलीचे मामा आलेले. सुपारी फोडायची तयारी.

सुरुवात काही जुळवली नव्हती, तशीच उठून बोललो. म्हटलं, माझा विडा धरू नका. मला मान्य नाही. त्या दिवशीही नव्हतं. महादेवी दोघांनी तपासू म्हणाली, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि मी हसलो. आमच्यात दोष माझा होता, मिरजेला इलाज माझा झाला, उपासांनी काही झालं नाही. आवाज नीट लागला नाही, मागच्यांनी "काय म्हणाले?" विचारलं आणि पुढच्यांनी त्यांना सांगितलं. म्हणजे सगळं दोनदा झालं.

शरम वाटली. भरपूर. हलकं वगैरे वाटेल असं वाटलं होतं, तसं काही नाही.

आप्पा म्हणाले, घेतलेला विडा माघारी घेता येतो का? कुणाला माहीत नाही. पाचांतला एक फुटला तर चौघांचा निकाल चालतो का? तेही माहीत नाही. मठाच्या स्वामींना विचारलं. ते म्हणाले, माझ्या आणि माझ्या गुरूंच्या काळात कुणी नको म्हटलेलंच नाही, मी काय सांगणार. यावरच मग दोन तट पडून वाद. महादेवीचं नावही कुणी घेईना, सगळे विड्याच्याच मागं. मास्तर छताकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "मलाही शंका आहे." शंका कसली ते नाही सांगितलं.

मुलीचे मामा मधेच उठून चपला शोधायला लागले. रेवणनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

बाहेर नळावर पाय धूत होतो. चनबस शेजारी येऊन उभा राहिला. हळूच: "मिरजंत म्हंजी नेमकं कुटं?"

सांगायला लागलो, स्टेशनवरून टांगा करायचा, मग... तेवढ्यात रेवणनं हाक मारली. तो गेला. किती ऐकलं कोण जाणे.

१८ फेब्रु., मंगळ.

रेवण दुकानासमोरून गेला, रस्त्याच्या पलीकडून. पोतं अजून माझ्याकडंच. कुणाकडं द्यायचं?

आई कालपासून बोलत नाही. माझ्याशी की सौ.शी, तेही कळत नाही.

दुपारी ऐकलं, चनबस काल सकाळी पिशवी घेऊन घराबाहेर पडलाय, कुठं ते घरात सांगितलेलं नाही. कुंभारीला गेला असेल. किंवा मिरजेला. किंवा मामांच्या मागं अक्कलकोटला, मुलगी बघायला.

सौ. म्हणाली, जावा, इचारून या.

चप्पल घातली. कोपऱ्यापर्यंत गेलो. रेवणच्या दारात तो स्वतःच उभा होता, मी विचारायच्या आत म्हणाला, "चनबस कुटं गेलाय, तुला तरी ठाऊक हाय का?"