बगळे हरणारच!

३ सप्टेंबर
आमचे बगळे बेसबॉल लीगमध्ये पहिल्या नंबरवर. घसरतील. बावीस वर्षं हेच बघतोय. ठराव : यंदा आशा शून्य. मॅच बघायची नाही, स्कोअर विचारायचा नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
विचारला नाही. मासेवाल्या कुरामोचीने आपणहून सांगितला. मी त्याच्या दुकानावरून फक्त तीनदा गेलो होतो. जिंकले म्हणे. जिंकू देत.

११ सप्टेंबर
बाजारपेठेची मीटिंग. सीझन संपला की चौकात उंच टांगलेल्या कागदी गोळ्याची दोरी ओढायची. रंगीत कागद उडतील, आतून कापडी पट्टा लोंबेल. कुरामोची म्हणाला, पट्ट्यावर 'बगळे चॅम्पियन' लिहू या. मी ठणकावलं, बाजारात तुरी! 'धन्यवाद बगळे, पुढच्या वर्षी नक्की' असं लिहा. हरले तर शोभेल, जिंकले तर पट्टा वाचतंय कोण? मंजूर. गोळा भरायचं कामही माझ्याकडेच. या गल्लीत डोकं ठिकाणावर असलेला मी एकटाच.

१९ सप्टेंबर
सलग पाच जिंकले. लक्षण वाईट. विझताना दिवा मोठा होतो. माझ्या लाँड्रीत रेडिओ लावला, फक्त हवामानासाठी. हवामान नवव्या डावापर्यंत चाललं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही जळली. इस्त्रीच खराब आहे.

२४ सप्टेंबर
हरले. सांगितलं नव्हतं? फार बरं वाटलं. जेवण गेलं नाही, पण ते सूप खारट होतं म्हणून. सुमीए म्हणाली, अहो, रोजचंच आहे. बायकोला चव कळत नाही.

३० सप्टेंबर
बगळे आणि अस्वलं बरोबरीत. परवा शेवटची मॅच एकमेकांशीच, त्यांच्या मैदानावर. जिंकेल तो चॅम्पियन. म्हणजे अस्वलं.

१ ऑक्टोबर
कपाटात सहज एक पांढरं कापड सापडलं. सहज त्यावर 'बगळे चॅम्पियन! अभिनंदन!' लिहिलं. हाताला सवय राहावी म्हणून. अक्षर सुरेख आलंय.

२ ऑक्टोबर, सकाळी
गोळ्याची दोरी तपासायला शिडीवर चढलो. सुमीएने शिडी धरली. उतरलो तेव्हा जुना पट्टा माझ्या काखेत. ती म्हणाली, आशा शून्य ना? म्हटलं, शून्यच! पण चुकून जिंकले तर गल्लीची शोभा नको. बगळे मागे पडले रे पडले की पट्टा परत बदलीन. योजना पक्की आहे.

३ ऑक्टोबर
काल मागे पडलेच नाहीत. शेवटच्या डावापर्यंत पुढे! चौकातल्या टीव्हीसमोर अख्खी गल्ली, माझा हात कुरामोचीच्या गळ्यात. एकच आऊट हवा होता. अस्वलांच्या त्या जाड्याने चेंडू भिंतीपलीकडे घालवला. खेळ खलास. मला शिडी आठवेपर्यंत कुरामोची नाक पुसत म्हणाला, चला, पुढच्या वर्षी तर पुढच्या वर्षी. आणि त्याने दोरी ओढली.

'बगळे चॅम्पियन! अभिनंदन!'

सगळ्यांच्या माना वर. वरून रंगीत कागद पडतच होते. मग कुरामोची हळूच म्हणाला, हे अक्षर तर हिरुमासानचं. सगळे माझ्याकडे वळले. मी रडत नव्हतो. डोळ्यात कागद गेला होता.

१० ऑक्टोबर
गल्ली मला आता 'चॅम्पियन' म्हणते. काय चॅम्पियन, शर्ट झाले का? म्हणू देत. ठराव : पुढच्या वर्षी आशा शून्य, आणि या वेळी खरोखरची. पट्टा धुतला, इस्त्री केली, घडी घातली. सुमीएने विचारलं, टाकून देऊ? म्हटलं, खबरदार!

कापड चांगलं आहे.