सोळा पानं कमी, सोळा जास्त

४ ऑगस्ट, सोमवार
आज दु. १२.१० वा. मानवी संस्कृतीवरचा माझा उरलासुरला विश्वास, मु. पो. पिरंगुट, जेवणाच्या टेबलावर, पान ९६ पाशी, 'टक्' असा आवाज करून सुटला. नवंकोरं पुस्तक, खेळाच्या नियमांचं, इंग्रजी. प्लास्टिक मीच फाडलं. एकदाच उघडलं, तेही दोन्ही हातांनी, आहेराचं पाकीट उघडावं तसं हळू. पाठीतला गोंद बिस्किटासारखा मोडला, पानं मांडीवर.
किंमत लिहीत नाही.

५ ऑगस्ट
पानं फरशीवर लावून बघितली. ९७ ते ११२ दोनदा. ११३ ते १२८ नाहीतच. म्हणजे ओझं किती वाहता येतं त्याचे नियम दोन वेळा आणि दारं, कुलपं, सापळे यांचे एकदाही नाहीत. शाई काळी म्हणून विकलेली, निघाली करडी. तक्ते बघून मोतीबिंदू तपासून घ्यावासा वाटतो. राक्षसाला दोन शेपट्या. एक त्याची, एक छपाईची.
पुस्तक माझं नाहीच. शशांकने (यापुढे श.) एप्रिलात मागवलं, पत्ता माझा दिला. "तू दिवसभर घरीच असतोस, लेखक." श. जूनमध्ये गेला. कंपनीच्या कॅबमध्ये, हिंजवडीच्या सिग्नलला. ड्रायव्हरला वाटलं झोपलाय. पुस्तक आत्ता आलं.
अकरा वर्षं दर रविवारी रिहे गावात, बबनरावांच्या खोलीत. श. गोष्ट सांगायचा, आम्ही तिघं, मी, बबनराव आणि शुभदा, त्या गोष्टीतली माणसं; मी लंगडा वैद्य, बबनराव कुऱ्हाडवाला बुटका. फासे टाकायचे, मरता मरता वाचायचं, पाचला चहा. पन्नाशीच्या माणसांनी चारचौघांत सांगावं असं काही नाही.

८ ऑगस्ट
पुस्तकवाल्यांना फोटो पाठवले. उत्तर: तक्रार खरेदीदाराने स्वतःच्या मेलवरूनच करावी.
मी: खरेदीदार उपलब्ध नाहीत.
ते: उपलब्ध झाल्यावर कळवावे. तोपर्यंत पुस्तक कोरड्या जागी ठेवावे.
ऑगस्टात. मुळशीत. कोरड्या जागी.
हसू यायला हवं होतं. नोंद करून ठेवतो, नंतर येईल.

१० ऑगस्ट, रविवार
रिह्याला गेलो, सवयीने. बबनराव ओट्यावर. रस्त्याकडची जमीन विकली, खालचं भात ठेवलं, वरच्या खोल्या भाड्याने. आमची खोली तेवढी रिकामी.
"गिऱ्हाईक आलंय खोलीला. पोरगा म्हनतो, आता रविवारचं कोन बसतंय हितं? मी म्हनलं, बसत्यात."
"बरं."
"बरं काय? म्हयनाअखेरीला सांगायचंय त्यास्नी. आन माझा बुटका भुयारात हुबा हाय, लेखक. दारापाशी, हातात कुऱ्हाड घिऊन. दोन म्हयनं झालं. त्याला आत तरी घ्या, न्हाईतर भायेर तरी काढा."
बबनरावांना इंग्रजी वाचता येत नाही, श. सगळं मराठीतून सांगायचा. कुणीतरी वाचून सांगणारा हवा.
शुभदाला फोन. दातांची डॉक्टर. "मी आठवडाभर लोकांना आ करायला लावते. रविवारी मला गप्प बसायचं असतं. तू सांग ना, धंदाच आहे तुझा."
माझा धंदा आठवड्याला सहाशे शब्द टोमणे. गोष्ट कधी लिहिली नाही. टोमण्याला शेवट लागत नाही.

१३ ऑगस्ट
बावधन. माधवीकडे, श.ची बायको. त्याचं कपाट आवरतेय. एक जाड पाकीट दिलं. वर त्याचं अक्षर: शेवट. मी सोडून कुणी वाचायचा नाही.
"तुमच्या खेळातलं असणार. मी उघडलं नाही. जेवतोस ना रे नीट?"
"हो."
नियम साधा आहे. ज्याला पुढचं माहीत, त्याने सांगायचं. जो सांगतो त्याला खेळता येत नाही. पाकीट उघडलं की माझा लंगडा वैद्य संपला. अकरा वर्षं सांभाळलाय. माझं त्याच्याशी जितकं पटतं तितकं घरात कुणाशी पटत नाही, आणि घरात मी एकटाच असतो.
उघडलं नाही. पुस्तकात घातलं, सुट्या पानांवर वजन म्हणून.

१४ ऑगस्ट
पौड. शंकरअण्णा, बाइंडर. चाळीस वर्षं कचेऱ्यांची दप्तरं बांधतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सगळं बाड पुढ्यात ठेवलं.
"काय हाय ह्ये? पोथी?"
"खेळाचे नियम."
"एवढं? आन मग खेळता कवा?"
पान हाताळून बघितलं, नाक मुरडलं. "शिवलंच न्हाई ह्यांनी. नुसता डिंक. सुटी पानं हायेत, आता टोचूनच शिवावं लागंल. आतली अक्षरं जातील थोडी."
जाऊ देत म्हणालो.

१९ ऑगस्ट
अण्णांना फोन. खळ वाळत नाही. "हवाच तशी हाय. घाई असंल तर उन्हाळ्यात आणायचं."

२२ ऑगस्ट, शुक्रवार
पुस्तक मिळालं. लाल कापडी पाठ, हिरवा पुठ्ठा. जमिनीच्या दाव्याची फाइल वाटते. आता ट्रक गेला तरी सुटायचं नाही. नीट उघडतही नाही, दोन्ही कोपरांनी दाबून धरावं लागतं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात निळा शिक्का, चालू क्रमांक.
दोनदा आलेली पानं तशीच. "आलेला कागद आपुन काढत न्हाई. उद्या कोनी म्हनलं, कुटं गेला?"
नसलेल्या पानांच्या जागी आठ कोरे कागद, नंबरासकट. "जागा धरून ठेवल्या. सापडली पानं की डकवा."
आणि सगळ्यात मागे, ताणून सपाट केलेले, टोचून शिवलेले, श.च्या अक्षरातले सात कागद.
पाकीट काढायला विसरलो होतो.
"अण्णा, हे पाकिटात होतं. बंद."
"दप्तरात पाकीट ऱ्हात न्हाई. फोडून कागद लावायचा, तशीच रीत हाय. पाकीटबी लावलंय की मागं, बघा."
लावलं होतं. 'कुणी वाचायचा नाही' वर निळा शिक्का.
"तुम्ही वाचलंत?"
"नंबर मारताना डोळा जातोच. ब्येस लिवलंय. पर मजकूर अर्धा हाय. शेवटचं पान आनलंच न्हाई तुमी."
"तेवढंच होतं."
"मंग ऱ्हायलं आसंल लिवायचं. दोन कोरी सोडल्यात मागं." हे त्यांनी सुतळी गुंडाळता गुंडाळता सांगितलं.
ठरलेले पैसे दिले, निघालो. कागद त्यांचा गेला, त्याचे द्यायचे राहिले.

२३ ऑगस्ट, शनिवार
स. ९ ला बसलो, कोपरं रोवून. सात कागद. आतल्या कडेची दोन-दोन अक्षरं शिवणीत गेलीत, अंदाजाने वाचली. माझ्या वैद्याबद्दल श.ने लिहिलंय: हा मरणार नाही, कितीही प्रयत्न केला तरी. लंगडा वैद्य स. ९.२० ला संपला.
सातव्या कागदाच्या तळाशी: बुटका दार ढकलतो. दार उघडतं आणि
टिंबं नाहीत, काही नाही. हिंजवडीला निघायची वेळ झाली असेल.
बबनरावांचा फोन.
"उद्याच्याला कितीजन?"
"तिघं."
"आन सांगनार कोन?"
"खोली झाडून ठेवा."
"पर दारामागं हाय तरी काय?"
"बबनराव, खेळणाऱ्याने विचारायचं नसतं."
म्हणाले, "व्हय, ते बी खरंच."
दारांचे नियम माझ्याकडे नाहीत. पुढचं वाक्य नाही. दुपारपर्यंत बसलो, एक ओळ आली नाही. वाईट वगैरे काही वाटत नव्हतं. कोऱ्या कागदांचे पैसे आठवले. बस पकडली, पौड.
अण्णा नव्हते. त्यांच्या मंडळी दुकानात, खळ ढवळत.
"कागदाचे राहिले होते. आठ आणि मागचे दोन, दहा कागद."
"कसला कागद?"
"कोरा."
"कोऱ्याचं काय घ्यायचं, दादा? त्येच्यावर काय न्हाईच."
"घ्या."
घेतले. नोट खळीच्या डब्याखाली ठेवली आणि पदराला हात पुसत सुट्टे शोधायला लागल्या.