अकरा चहा आणि एक गोळी

सोमवार, ६ जानेवारी
हात थरथरून राह्यलाय. मस्टरवरची माझी सही साहेबांनी चष्मा लावून पाहिली! अर्पिताला फोन केला. पोरगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. माझ्या उदासीच्या गोळीचं फक्त तिला आणि बायकोला, दैवशालाला, माहीत. तिनं लगेच कुठलंसं संशोधन शोधलं — "पप्पा, त्या गोळीवर कॅफिन लई झालं तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो म्हणे. थरथर, घाम, धडधड. चहा किती घेता?"
"चार."
अकरा.

मंगळवार, ७
चहा बंद. डोकं फुटून राह्यलंय. दैवशालावर ओरडलो, शिपायावर ओरडलो. घाम आला. घाम!

बुधवार, ८
नाडी मोजली — ९६. घाबरून परत मोजली — १०८. मोजणं बंद.

गुरुवार, ९
आज लई वाईट झालं. तातेराव, बारा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर. त्यांच्या पोरीला, प्रियाला, बँकेत नोकरी लागली म्हणून पहिल्यांदाच घरी बोलावलं. त्यांच्या आई, चांगुणाबाई, स्वतः चहा घेऊन आल्या. मी म्हणालो, "मी चहा घेत न्हाई."
बाई कप धरून तशाच उभ्या. माझं चहाचं वेड तर अख्ख्या बदनापूरला ठाऊक! मंग तातेराव हळूच म्हणाले, "पाणी तरी चालंल ना, कल्याणराव?"
तेव्हा उजेड पडला. आम्ही पाटलाघरचे, ते बौद्ध. मी कप परत केला, त्याचा अर्थ त्यांनी काय घ्यावा? तीन ग्लास पाणी प्यालो. सहा पेढे खाल्ले. जितके खाल्ले तितकं अजूनच वाईट दिसत गेलं.

शुक्रवार, १०
तातेराव बोलेनात. फाईल मागितली तर शिपायाच्या हाती पाठवली. दोन हातांवर तर टेबल त्यांचं!
दुपारी त्यांना ऑफिसामागं नेलं अन् सगळं सांगून टाकलं. गोळी, दीड वर्ष, संशोधन, जालन्याला मनाच्या डॉक्टरांकडं उद्याची तारीख. ते बघतच राहिले. मंग म्हणाले, "आईला काय सांगू? काल तुम्हाला लई शिव्या घातल्या तिनं."
"पोट बिघडल्तं म्हणा."
"सहा पेढे खाल्ले तुम्ही!"
दोघंही हसलो. बारा वर्षांत असं हसलो न्हव्तो. म्हणाले, "उद्या जालन्याला मी येतो सोबत."

शनिवार, ११
डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, डोळे पाहिले. "सिंड्रोम बिलकुल नाही. एखाद-दुसऱ्या रुग्णाची नोंद आहे, पण कॅफिनचा संबंध पक्का झालेला नाही. चहा किती?"
"चार."
मागून तातेराव — "अकरा, साहेब."
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अकरा चहानं कोणाचाही हात हलेल! हळूहळू तीनवर या. गोळी मात्र मनानं सोडायची नाही."

शनिवार, संध्याकाळी
एक लिहायचं राहिलं. निघताना कंपाउंडर मला न्हाई, तातेरावांना म्हणाला, "काका, तुमची तारीख तर बावीसची. गोळ्या आजच देऊ का?"