दोन ते साडेतीनची अट

१८ एप्रिल १९७१
बदलीच्या गावी आज सहावी खोली पाहिली. वर पत्रा! आत शिरलो आणि तसाच बाहेर आलो. मालक म्हणाले, रात्री गार होते. रात्री तर शेगडीही गार होते!

मागच्या रविवारी धुळ्याला गेलो होतो. लताला आणि पोरीला घेऊन येतो म्हणालो, तर सासरे पितांबरनाना तोंडावरच म्हणाले, "तठे भट्टी शे. नातले कसाले धाडू?" इथे भट्टी म्हणे, नातीला धाडणार नाहीत! जणू धुळ्यात बर्फ पडतो! पण पोर दीड महिन्याचीच. तिला आजवर दोनदाच पाहिलंय. आठवण फार येते.

२१ एप्रिल
सातवी. पुन्हा पत्रा.

२३ एप्रिल
मिळाली!! घेवरचंद शेठच्या घरातली तळमजल्याची खोली — आणि भिंतीत चक्क एअरकंडिशन! शेठनी आईसाठी मुंबईहून जुनं आणलं. पण आई — नाव सायरबाई — त्या वाऱ्यात बसेनात. म्हणून खोली भाड्याने.

अट एकच. दुपारी दोन ते साडेतीन यंत्र बंद. शेजारच्या खोलीत सायरबाई सामायिकाला, म्हणजे जैनांच्या रोजच्या ध्यानाला, बसतात आणि मधल्या दारावर जाळी आहे. सामायिकात विजेचा वारा अंगावर आला तर हवेतल्या जिवांची हिंसा होते. चाळीस वर्षांचा नेम! मी लगेच शब्द दिला. त्या वेळी मी बँकेतच असतो, मला काय!

नानांना पत्र टाकलं. 'एअरकंडिशन' दोनदा गिरवून काढलं.

२ मे
आल्या! पोचवायला नाना जातीने आले. यंत्रासमोर बराच वेळ उभे होते, धोतराचा सोगा फडफडत होता. निघताना लताला म्हणाले म्हणे, पोरीला कानटोपी घाल. जिंकलो!

५ मे
माझी अक्कल कुठे गेली होती? दोन ते साडेतीन मी बँकेत, पण पोर घरात! अंगभर घामोळं. लता ओला पंचा घेऊन वारा घालत बसते. "बटणाकडे हात जातो," म्हणाली, "पण शब्द दिलाय ना तुम्ही." त्या 'तुम्ही'चा अर्थ कळला.

सायरबाईंना कसं सांगू? जीभ रेटत नाही.

७ मे
लताला घेऊन जा, असं नानांना पत्र लिहिलं. खिशातच आहे.

८ मे
शनिवार, बँक अर्धा दिवस. दोनला यंत्र बंद केलं. पोरीने टाहो फोडला. काही केल्या थांबेना.

सव्वादोनला मधलं दार उघडलं. सायरबाई. तोंडाला पांढरी मुहपत्ती. आमच्याकडे न बघता सरळ यंत्रापाशी गेल्या आणि बटण दाबलं.

"पोरीला निजव, बाई. बटण मी दाबलं, पाप माझं."

मग सुटलेल्या वाऱ्याला हात जोडून म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्." क्षमा मागितली — वाऱ्याची! मला फार लाज वाटली, आणि बरंही वाटलं. पोर झोपली.

९ मे
सायरबाईंचा आज उपवास. प्रायश्चित्त. लतालाही घास उतरला नाही. पत्र फाडून टाकलं.

१० मे
आजपासून सायरबाई सामायिकाला माडीवर बसतात. तिथे आमचा वारा पोचत नाही. माडीवर पत्रा आहे.